काकांचा आवाज

आमच्या दुकानात बोलणं कमी आणि ऐकणं जास्त. आम्ही फार सुज्ञ आहोत म्हणून नव्हे, तर तोंडात खिळे असतात म्हणून. सोफ्याला किंवा खुर्चीला कापड चढवायचं तर एका हाताने कापड ताणावं लागतं, दुसऱ्या हातात हातोडी असते. मग खिळे ठेवायचे कुठे? ओठांत. जिभेने एकेक पुढे सरकवायचा आणि ठोकायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "सुनेच्या तोंडाला कुलूप घालता येत नाही, निदान खिळे तरी घालता येतात." त्यांचंच दुकान, त्यांचीच विद्या, आणि टोमणाही त्यांचाच.

तर अशा या मुक्या दुकानात काका आले ते आमच्या ह्यांच्या वेंधळेपणामुळे. मी ह्यांना भंगारवाल्याकडे जुन्या स्प्रिंगा आणायला पाठवलं होतं. हे परत आले ते काखेत एक रेकॉर्ड घेऊन. मी तोंडातले खिळे हातावर काढले, कारण बोलणं भागच होतं.

"स्प्रिंगा कुठे आहेत?"

"अगं, ही खुर्ची तर बघ," हे म्हणाले.

रेकॉर्डच्या कव्हरवर एका रिकाम्या खुर्चीचा फोटो होता. माणूस नाही, काही नाही, नुसती खुर्ची. पण काय खुर्ची होती! पाठीला खोल बसवलेली बटणं, कडेने दोरीची किनार, कोपऱ्यावर कापडाची एक सुरकुती सापडेल तर शपथ. असं काम करणारा कोण असेल ते बघत आम्ही दोघं कितीतरी वेळ उभे राहिलो. गाणाऱ्याचं नाव खाली कोपऱ्यात, आद्याक्षरं आणि आडनाव. मागे गाण्यांची नावं आणि संगीताचा प्रकार म्हणून 'सोल' एवढा एक शब्द. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर कुठल्याशा रेडिओ केंद्राने 'रद्द' अशी जाड चिठ्ठी डकवली होती. ती नखाने काढायला गेले तर खालचा कागदही सुटू लागला, म्हणून तशीच राहू दिली.

सासऱ्यांचा जुना प्लेअर माळ्यावरून उतरवला, पुसला, लावला. आणि तो आवाज आला.

कसं सांगू? एखादा आडदांड माणूस पोटभर जेवून, पाय पसरून बसावा आणि त्याला कसलीही घाई नसावी, तसा तो आवाज होता. खर्जातला, संथ. एक शब्द उचलायचा, तो तळहातावर ठेवून बघायचा आणि मग खाली ठेवायचा. मागे ऑर्गन रेंगाळायचा, तुतारी जांभई दिल्यासारखी वाजायची आणि ढोल जणू विचार करून पडायचा. गाण्यांत सगळीकडे 'तू', 'तू' आणि 'तू'. स्वतःविषयी गाणारा चकार शब्द काढत नाही. पहिली बाजू संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या तोंडातला एकही खिळा खर्ची पडलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमची हातोडी त्या ढोलाच्या ठेक्यावर पडायला लागली. एक ठोका, एक खिळा. हात दुखायचे थांबले. नणंदेने आपल्या शिलाई मशीनवरून सांगितलं, "वहिनी, हे काका आपल्याकडे कायमचे राहायला आलेत असं समज." तेव्हापासून ते काका.

काकांची कीर्ती हळूहळू पसरली. बसचा ड्रायव्हर आपल्या सीटची गादी दुरुस्त करून घ्यायला आला आणि गादी तयार झाली तरी उठेना. तो दर शनिवारी दुपारी यायला लागला. मग हॉस्पिटलमधली नर्स आली. तिची ड्यूटी संपलेली असायची, ती अर्धवट कापड चढवलेल्या सोफ्यावर आडवी व्हायची आणि डोळे मिटून ऐकायची. झोपली असं वाटावं तर मध्येच म्हणायची, "हे, हे ऐका आता, इथे श्वास घेतात ते." आमचे हे तिसऱ्या गाण्याला नेमके कापडाचं ठाण आणायला मागच्या खोलीत जायचे आणि नाक लाल करून यायचे. ठाण मात्र आणायचे नाहीत. आणि आमची नणंद! तिला स्थळं येत नव्हती असं नाही. पण प्रत्येकाचं बोलणं ऐकून ती मान हलवायची. आवाज काकांसारखा पाहिजे होता ना बाईसाहेबांना.

काकांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्याविषयी आम्हाला सगळं ठाऊक होतं. ते उंच होते, पोट सुटलेलं होतं, डाव्या पायाने किंचित लंगडायचे. बायको लवकर गेली होती. फक्त मिशीवरून मतभेद होते. हे म्हणायचे भरघोस मिशी, ड्रायव्हर म्हणायचा सफाचट. एकदा या मिशीवरून दोघं शनिवारभर एकमेकांशी बोलले नाहीत.

आणि एवढ्या गुणी माणसाला जगाने विचारलं नाही, याचा मला भयंकर राग यायचा. आम्ही रेकॉर्डच्या दुकानांतून चौकशी केली. कोणी नाव ऐकलेलं नव्हतं. एक दुकानदार कव्हर बघून म्हणाला, "न खपलेला माल आहे, बाई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका गिऱ्हाइकाने आमच्याच दुकानात बसून विचारलं, "हे रडगाणं बंद कराल का?" त्याची खुर्ची आम्ही तयार केली, नाही असं नाही, पण त्याला इतक्या खेपा घालायला लावल्या की त्याला त्या खुर्चीत बसायची गरज होतीच.

मग एका शनिवारी नर्स धावत आली. सोफ्यावर आडवी न होता उभीच राहिली.

"माझ्या वॉर्डात एक आजी आहेत," ती म्हणाली. "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आयुष्यभर तलावावर मुलांना पोहायला शिकवायच्या. आज मी त्यांची चादर बदलता बदलता काकांचं गाणं गुणगुणत होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, हे तुला कुठे मिळालं? हे मी गायलंय."

ड्रायव्हर म्हणाला, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं."

"बघा, मिशा होत्याच," हे म्हणाले. ह्यांना कुठे काय बोलावं ते कधी कळलं नाही.

"त्यांनी कव्हरवरच्या खुर्चीचं सगळं वर्णन केलं," नर्स म्हणाली. "आडनाव जुळतं. मी त्यांना सांगितलं, आजी, आम्ही सगळे तुमची रेकॉर्ड वर्षानुवर्षं ऐकतोय. तर त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, कोणीच ऐकली नाही असं मला वाटत होतं. वहिनी, मी त्यांना इथे आणायचं कबूल केलंय."

"कबूल केलंयस?" मी म्हटलं. "उचलली जीभ लावली टाळ्याला! उद्या कोणी म्हणेल, कव्हरवरची खुर्ची मीच. काका पुरुष आहेत, गं. कान फुटलेत का तुझे?"

"मला माहितीये," नर्स हळूच म्हणाली. "पण त्या खोटं बोलत नव्हत्या."

पुढचा आठवडा वाईट गेला. नणंद म्हणे त्या बाई काकांची बहीण असतील, ड्रायव्हर म्हणे वयोमानाने डोक्यावर परिणाम झाला असेल, आणि मी नुसती फणफणत होते. आमच्या काकांवर कोणीतरी हक्क सांगायला येणार होतं. तरी शनिवारी सकाळी मी दुकान झाडलं, कापडाचे तुकडे भरून ठेवले आणि दुकानातली सगळ्यात चांगली खुर्ची प्लेअरसमोर मांडली. माणूस खोटा असला तरी खुर्ची खरी हवी.

त्या आल्या. बुटक्या, खांदे रुंद, केस अगदी बारीक कापलेले, हातात काठी. आत येताच त्यांनी दुकानभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "छान वास आहे. काथ्या आणि गोंद." आवाज भरड होता. तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या पोरांना ओरडून ओरडून झालेला. पण काकांचा? छे.

"बसा," मी म्हटलं. माझं 'बसा' काही फार प्रेमळ नव्हतं.

त्या बसल्या. रेकॉर्डचं कव्हर मी त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवत राहिल्या. "माझ्याकडे एकही प्रत उरली नाही," त्या म्हणाल्या. "कंपनी बुडाली. घर बदलताना माझी पेटी भिजली. माझंच गाणं ऐकायला मिळालं नाही मला इतकी वर्षं. लावा ना."

मी सुई ठेवली. ऑर्गन रेंगाळला. ढोल विचार करून पडला. काकांनी पहिली ओळ उचलली.

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे टक लावून बघत होतो. मी तर मनात म्हणत होते, आता बोला.

त्या काठी टेकत उठल्या, प्लेअरपाशी गेल्या, वाकून बघितलं आणि बाजूचा छोटा खटका बोटाने पुढे ढकलला.

तुतारी किंचाळली. ढोल धावत सुटला. ऑर्गन जिना चढणाऱ्या पोरासारखा टणटण उड्या मारायला लागला, आणि या सगळ्याच्या पुढे, सगळ्यांना मागे टाकत, एक तरुण मुलगी गायला लागली. चकचकीत, खणखणीत आवाज. हसत, दम न घेता, प्रत्येक ओळीच्या शेवटी गिरकी घेत.

"ही रेकॉर्ड जलद वेगावर वाजवायची," बाई म्हणाल्या. "मधल्या कागदावर लिहिलंय तसं." त्यांनी बघितलं. तिथे 'रद्द' अशी चिठ्ठी होती.

आता सांगा, जगात इतके लोक रेकॉर्डी ऐकतात, पण वर्षानुवर्षं एकाच रेकॉर्डची पूजा करून ती चुकीच्या वेगावर ऐकणारे शहाणे आमच्याखेरीज कोण असतील? प्लेअरचा तो खटका सासऱ्यांनी जिथे ठेवला होता तिथेच राहिला होता. त्याला हात लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला. नणंद तोंडावर पदर धरून हसावं की रडावं या विचारात होती. सवयीने मी हातोडी उचलली होती, ती जपून खाली ठेवली. या चालीवर खिळे ठोकायला गेलं असतं तर अंगठा राहिला नसता.

आणि ड्रायव्हर, ज्याच्या पोटात काही राहत नाही, तो मोठ्याने म्हणाला, "म्हणजे आमचे काका गेलेच की हो!"

"कोण काका?" आजींनी विचारलं.

ह्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, पोट, लंगडा पाय, मिशीसुद्धा. आजी ऐकत होत्या. मागे ती मुलगी गातच होती, आणि तिच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. ते आजींच्या लक्षात आलं. त्यांनी हात पुढे करून सुई उचलली.

"म्हणजे माझं गाणं तुम्ही ऐकलंच नाहीत," त्या म्हणाल्या. रागाने नाही. पोहायला न येणाऱ्या मुलाला समजावताना बोलावं तसं, सावकाश. "तुम्हाला आवडला तो दुसराच कोणीतरी."

आठवडाभर मी ज्या बाईंना खोटं पाडायला टपले होते, त्या खऱ्या निघाल्या होत्या आणि आता मला ते नको होतं. हॉस्पिटलच्या खाटेवर यांना कोणीतरी सांगितलं होतं की तुमचं चीज झालं. त्या गुडघ्याची पट्टी सांभाळत, जिने उतरून, तेवढ्यासाठी आल्या होत्या. आणि आम्ही त्यांच्या पदरात काय घातलं? एक मिशीवाले काका.

"तसं नाही हो आजी," नर्स म्हणाली. "हेही छान आहे. फारच छान आहे."

"हो हो, चांगलं आहे," ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला. "जोरात आहे एकदम."

खोटं बोलण्यात आम्ही सगळेच कच्चे. आजी हसल्या, पण ते हसू त्यांनी आमच्यासाठी हसलं होतं. त्यांनी काठी उचलली. मला राहवलं नाही.

"आजी," मी म्हटलं, "आम्हाला या गाण्यातलं काही कळत नाही, आम्ही खुर्च्या करणारी माणसं. पण या रेकॉर्डसाठी मी माणसांशी भांडलेय. सख्ख्या भावासाठी भांडले नसते इतकी. तुम्ही आमच्यावर चिडा, हवं तर शिव्या द्या. पण आम्ही जे ऐकत होतो ते एकदा ऐका आणि मग जा. आम्ही कशावर जीव टाकला ते तरी तुम्हाला कळू दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बसल्या. "लावा," म्हणाल्या.

मी खटका मागे ओढला. सुई तिसऱ्या गाण्यावर ठेवली. हे सवयीने मागच्या खोलीकडे निघाले होते, ते दारातच थांबले.

*जरा थांब, जरा टेक,* काका गायला लागले. *वाट काही पळून जात नाही.*

आजी आधी मान तिरकी करून ऐकत होत्या, चूक शोधणाऱ्या माणसासारख्या. दुसऱ्या ओळीला त्यांची मान सरळ झाली. तिसऱ्या ओळीच्या आधी काकांनी तो श्वास घेतला, नर्सचा लाडका, आणि आजींचा हात खुर्चीच्या हाताला घट्ट बसला.

"बाबा," त्या म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, त्यांना काहीतरी होतंय. नर्स पुढे झाली. आजींनी तिला हातानेच थांबवलं. त्यांचा चेहरा उजळला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम.

"हे माझे बाबा आहेत," त्या म्हणाल्या. "अगं, हा माझ्या बाबांचा आवाज आहे!"

मग त्यांनी सांगितलं, गाणं चालू असतानाच, त्यावरून आवाज चढवून. वडील गोदामात पोती वाहायचे. ही सगळी गाणी त्यांनी केलेली. ओझं पाठीवर असताना म्हणायची, म्हणून संथ. पाऊल आणि शब्द बरोबर पडले पाहिजेत. हे तिसरं गाणं त्यांनी लेकीसाठीच केलं होतं, कारण ही सतत धावायची, सतत पडायची. त्यांचा आवाज कोणी कधी भरून घेतला नाही. कोण घेणार, पोती वाहणाऱ्याचा? रेकॉर्ड निघायच्या आधीच ते गेले. "माझ्याकडे त्यांचा एक फोटो आहे, तोही हललेला. आवाज तर मला आठवेनासा झाला होता. कितीदा अंथरुणात डोळे मिटून प्रयत्न केला. मी गाताना त्यांचीच नक्कल करत होते, श्वाससुद्धा त्यांच्या जागी घेत होते. पण मी वीस-बावीसची पोर, आवाज असा पातळ. तो नुसता खाली उतरवला की त्यातून ते निघतील, हे कोणाला माहीत होतं?"

"मिशी होती का?" ह्यांनी विचारलं. मी ह्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा नवरा असता तर पळून गेला असता.

पण आजी खदखदून हसल्या. "अर्धी," त्या म्हणाल्या. "विडीने एका बाजूची जळायची नेहमी."

ड्रायव्हर आणि आमचे हे, दोघांनीही एकदम 'बघा' म्हटलं.

गाण्याचं शेवटचं कडवं आलं तेव्हा आजी गायला लागल्या. त्यांचा आवाज आता भरड झाला होता, खाली उतरला होता. वयाने तो खटका कधीच मागे ओढला होता. त्या बाबांच्या शेजारी जाऊन उभ्या राहाव्यात तसा तो आवाज त्या आवाजाशेजारी जाऊन बसला, आणि कुठला कोणाचा ते मला सांगता येईना. नर्स गायला लागली. नणंद गायला लागली. माझ्या तोंडात तेव्हा खिळे नव्हते, मग मीही गायले. बेसूर, पण मोठ्याने.

गाणं संपल्यावर आजींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता माझं लावा. हेच."

मी खटका पुढे केला. आणि ती मुलगी धावत आली. तेच शब्द, जरा थांब, जरा टेक, आणि ही वाऱ्यासारखी सुटलेली! बाप मागून हाका मारतोय आणि पोर पुढे पळता पळता त्याचंच बोलणं त्यालाच ऐकवतेय, वळून, हसून, चिडवत. मघाशी मला हे कसं ऐकू आलं नव्हतं? ड्रायव्हरचा पाय ताल धरायला लागला. मग दुसरा पाय. मग तो उठून नाचायलाच लागला, दोन सोफ्यांच्या मधल्या बोळात, आणि त्याला नाचता येत नाही हे सगळ्यांना दिसलं. नर्स हसता हसता म्हणाली, "श्वास घ्यायला थांबतसुद्धा नाही ही कार्टी!"

"थांबते," आजी म्हणाल्या. "नीट ऐक. घाईत घेते, पण बाबांच्याच जागी."

आम्ही ऐकलं. खरंच घेत होती.

बाजू संपली. सुई मध्यभागी जाऊन खसखसत राहिली. ड्रायव्हर धापा टाकत बसला. गिऱ्हाइकं दाराशी येऊन बघून गेली असतील, मला ठाऊक नाही.

"दुसरी बाजू आहे ना अजून?" आजींनी विचारलं.

"आहे तर," मी रेकॉर्ड उलटून ठेवत म्हटलं. "कोणत्या वेगावर लावू?"

आजी खुर्चीत मागे रेलल्या, दुखरा पाय त्यांनी सावकाश पसरला आणि काठी माझ्या नणंदेच्या हातात दिली.

"आधी बाबा," त्या म्हणाल्या. "मग मी."